गुडघ्यांवरच्या वन्सं

त्या काळात शिरूरमध्ये गुडघ्याला माती न लागलेला एकही प्रतिष्ठित माणूस उरला नव्हता, आणि याला एकट्या वन्सं जबाबदार होत्या. डॉक्टर, बँकेचे साहेब, मार्केट यार्डातले आडते, एसटी डेपोतले कंट्रोलर आणि एक हवालदार, हे सगळे कधी ना कधी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर आलेले मी स्वतः पाहिले आहेत. तुमचे आजोबाही आले होते. ते हे कधी मान्य करत नसत, पण त्यांच्या करड्या पँटवरचे डाग मी माझ्या हातांनी धुतले आहेत, तेव्हा विश्वास माझ्यावर ठेवा.

वन्सं म्हणजे आमच्या शेजारणीच्या नणंद. नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला वन्सं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. तुम्हाला तिकडे हे कोण सांगणार, म्हणून मी सांगते. शेजारीण म्हणायची म्हणून मी म्हणू लागले, माझं ऐकून तुमची आई म्हणू लागली, तिचं ऐकून दूधवाला, आणि मग सगळं गावच म्हणू लागलं. त्या मूळच्या दौंडच्या. यजमान रेल्वेत गार्ड होते. रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये वन्संनी कित्येक वर्षं बालवाडी चालवली होती, आणि यजमान गेल्यावर त्या भावाकडे शिरूरला आल्या त्या बालवाडीसकट आल्या, म्हणजे एका ट्रंकेत कपडे आणि उरलेल्या तीन ट्रंकांत चिंचोके, काड्यापेट्या, बाटल्यांची बुचं आणि दोऱ्याची रिकामी रिळं. त्या सुमारास एक संस्था तालुक्यातल्या खेड्यांमध्ये नव्या बालवाड्या काढत होती. त्यासाठी गावोगावच्या दहावी झालेल्या मुली आणि सुना निवडल्या जात, आणि त्यांना मुलांच्या समोर उभं करण्याआधी वन्संच्या समोर उभं केलं जाई. उभं केलं जाई हा शब्द चुकला. वन्संच्या समोर कुणी उभं राहत नसे.

मार्केट यार्डाच्या मागे कांद्याची एक जुनी वखार होती, तिथे हे प्रशिक्षण चाले. पहिल्या दिवशी एसटीने आलेल्या बायका नव्या साड्या नेसून, वही-पेन घेऊन भिंतीला टेकून बसत. वन्सं त्यांना वह्या पिशवीत ठेवायला सांगत आणि प्रत्येकीला गोणपाटाचे दोन तुकडे आणि सुतळी देत. "गुडघ्यांना बांधा. आज दिवसभर पाय वापरायचे नाहीत." मग वीस-पंचवीस बायका पदर खोचून वखारभर गुडघ्यांवरून हिंडत. पाणी प्यायचं तर माठ उंच, कडी लावायची तर हात पोचत नाही, खिडकीतून बघायचं तर दिसतो फक्त आभाळाचा तुकडा. आणि वन्सं मात्र मुद्दाम उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून वरून ओरडत, "ए, तिकडं काय करतेस? हात धू. बोट काढ तोंडातनं. शहाणी ना तू?" संध्याकाळपर्यंत एखादी तरी खरोखर रडकुंडीला येई. मग वन्सं स्वतः गोणपाट बांधून खाली येत आणि तिला म्हणत, "आता कळलं ना? तीन वर्षांचं पोर रोज एवढंच बघतं. धोतरं आणि नाकपुड्या." दुसऱ्या दिवसापासून नियम ठरलेला असे: मुलं असतील त्या खोलीत उभं राहून बोलायचं नाही. डोळ्याला डोळा लावून, नाव घेऊन बोलायचं. एकालाही वगळायचं नाही.

मी या सगळ्यात कशी आले, तर माझ्या नीटनेटकेपणामुळे. मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून शिकलेली, घरात चमचेसुद्धा मापाप्रमाणे लावणारी. शेजारणीने वन्संना सांगितलं, हिला वेळापत्रक करता येतं. मी सुंदर वेळापत्रक केलं, चार रंगांच्या शाईने, आणि भिंतीवर लावलं. वन्संनी त्याचं फार कौतुक केलं आणि त्याकडे पुन्हा एकदाही पाहिलं नाही. त्यांचा दिवस दौंड जंक्शनच्या गाड्यांवर चाले. शिरूरला रेल्वे नाही, रूळ नाहीत, शिट्टी ऐकू यायचा संबंध नाही, पण वन्सं गाण्याच्या मधेच थबकून कान टवकारत आणि म्हणत, "पॅसेंजर गेली असेल आता. चला जेवायला." आश्चर्य म्हणजे गाडी कधी लेट झाली असं त्यांना वाटलं तर जेवणही लेट होई. "आज मनमाडकडनंच उशिरा सुटली असणार," असं त्या म्हणत, आणि सगळ्या बायका समजुतीने माना डोलावून भुकेल्या बसून राहत.

लहान वस्तू ही मुलांची मालमत्ता असते, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या आमच्याकडे चहाला आल्या की मी बटणांचा डबा वरच्या फळीवर ठेवत असे. तरी एकदा कुकरची रिंग गेली. मी आठवडाभर शोधली. मग वखारीत गेले, तर एका खुंटीवर मुलं नेम धरून काहीतरी फेकत होती आणि ते अडकलं की टाळ्या वाजवत होती. मी वन्संकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुझ्याकडं दुसरी आहे ना?" होती. त्यांना ते कसं ठाऊक होतं, हे घरी गेल्यावर कळलं: तीही जागेवर नव्हती.

पण त्यांचा खरा धाक होता तो खोटं बोलण्याबाबत. मुलांना बागुलबुवा दाखवणं, भूत येईल, गोसावी नेईल असलं काही सांगणं त्यांच्याकडे अजिबात चालत नसे. मुलांना सांगितलं ते घडलं पाहिजे. वखारीत सरावासाठी हमालांची आणि शेजारपाजारची मुलं येत. एकदा एका नव्या ताईने रडणाऱ्या मुलाला नकळत म्हटलं, "गप, न्हाईतर पोलीस येईल." वन्संनी शांतपणे चपला घातल्या, त्या मुलाचा हात धरला आणि चौकीवर गेल्या. तिथे एक जाडसर हवालदार पंख्याखाली बसले होते. "याला तुम्ही येणार असं सांगितलंय," वन्सं म्हणाल्या. "चला." हवालदारांनी विचारलं, गुन्हा काय आहे. "गुन्हा आमच्या बाईंचा आहे. तुम्ही फक्त यायचंय." ते आले. टोपी काढून गुडघ्यांवर बसले. त्या मुलाने आधी त्यांच्या पट्ट्याचं बक्कल पाहिलं, मग शिट्टी वाजवून बघितली, मग त्यांच्या हातात सुई-दोरा आणि मण्यांची वाटी दिली. त्यानंतर ड्युटी नसली की हवालदार आपणहून येऊ लागले. मणी ओवायला बसले की ते जगाला विसरत. "ब्लडप्रेशरला बरं वाटतं," असं ते सांगायचे.

आता लताची गोष्ट सांगते, कारण वन्संची आठवण आली की मला सगळ्यात आधी तोच दिवस आठवतो. लता मांडवगण फराट्याच्या पुढच्या एका वस्तीवरची. तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी त्या घराची मेंढरं होती, वर्षाचे आठ महिने रानोमाळ फिरणं होतं. आता ऊस होता, ट्रॅक्टर होता, आणि सासऱ्यांचा शब्द सोसायटीत चालत होता. त्यांना सगळे आबा म्हणत. वस्तीवर उसाच्या कामाला जाणाऱ्या बाया लहान पोरांना बाजेच्या पायाला लुगड्याच्या चिंधीने बांधून जात, हे मला लतानेच सांगितलं. तिथे बालवाडी मंजूर झाली होती, पण अट अशी की वस्तीवरचीच प्रशिक्षण झालेली बाई हवी, आणि तिथे दहावी झालेली एकटी लता. ती हुशार होती, हाताची चपळ होती, पण आवाज म्हणाल तर मांजराच्या पिल्लाचा. धाकट्या लेकीला, बबडीला, कडेवर घेऊन ती आठवडाभर शिरूरला मामाकडे राही आणि रविवारी वस्तीवर जाई.

अशाच एका सोमवारी आम्ही वखारीत होतो. त्या दिवशी वर्ग घ्यायची पाळी लताची होती. मुलांचा गोल झाला होता. प्रत्येकाने आपण कोणता प्राणी ते सांगायचं आणि त्याचा आवाज काढायचा, असा खेळ. हवालदारही मणी ओवत गोलात होते. इतक्यात दारात पांढरा फेटा दिसला, त्याखाली भरघोस मिशी, आणि लताचा पदर कपाळावरून नाकापर्यंत आला. बबडी आईच्या पाठीमागे लपली. ती आजोबांच्या मिशीला फार भ्यायची.

"बाई कोन हाय हितली?" आबांनी विचारलं.

वन्सं गुडघ्यांवर होत्या. त्या हलल्या नाहीत. "मी आहे. बसा."

"बसाय न्हाई आलो. सुनंला न्यायला आलोय. ह्ये शिक्षान बंद."

"मुलांच्या खोलीत उभं राहिलेल्याचं मला ऐकू येत नाही," वन्सं म्हणाल्या.

आबांना असं कुणी बोललेलं नसावं. त्यांनी आवाज चढवून पुन्हा सांगितलं. वन्संनी गोलातल्या एका मुलाचं नाक पुसलं. तेव्हा हवालदार हळूच म्हणाले, "आबा, बसा की. म्या बी बसलोय. इथं बसल्याबिगर केस दाखल होत न्हाई."

पोलिसाला मणी ओवताना पाहून आबा जरा गोंधळले असावेत. त्यांनी दाराची चौकट धरली, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि तोंडातून असा काही आवाज काढला की बबडीने आईच्या पाठीमागून डोकावून पाहिलं.

"आता सांगा," वन्सं म्हणाल्या.

"काय सांगायचं? रविवारी घरला आली आन् समद्या घराची उलथापालथ केली. खुंट्या खाली मारल्या. पान्याचा हंडा भुईवर ठिवला. माजा आरसा, माज्या बापाच्या वक्ताचा आरसा, ह्यो हितं टांगला." त्यांनी आपल्या मांडीवर हात ठेवला. "कशापायी? तर बबडीला दिसावं म्हून. आन् म्या? म्या फेटा कसा बांधायचा? सकाळच्याला वाकून वाकून माजी कंबार धरली. सोसायटीत जायला उशीर. लोक इच्यारत्यात, आबा, फेटा असा वाकडा का?"

फेटा खरोखरच वाकडा होता. आम्ही कुणी हसलो नाही. निदान मी तरी खिडकीकडे पाहिलं.

"बरोबर आहे तुमचं," वन्सं म्हणाल्या. "न्या सुनेला. पण आत्ता तिचा वर्ग चालू आहे. मुलांना मधेच टाकून ताई उठत नाही. पॅसेंजर जाईपर्यंत थांबा."

"शिरूरला कुटनं आली पॅसेंजर?"

"ती वेळेवर आहे आज," वन्सं म्हणाल्या आणि लताकडे वळल्या. "चालू दे ग."

आबा उठून बाहेर थांबणार होते. त्यांनी चौकट धरून जोर लावला. काही झालं नाही. पुन्हा लावला. गुडघे धरले होते. माझ्या ध्यानात आलं, हवालदारांच्याही आलं, पण आबांच्या चेहऱ्याकडे पाहून ते पुन्हा मणी ओवू लागले. ते बसले नव्हते, ते अडकले होते. आणि अडकले होते ते नेमके गोलात, एका हमालाची मुलगी आणि हवालदार यांच्या मधे.

लताने खेळ पुढे नेला. खालच्या मानेने, पदरातून. कुणी कोंबडा झालं, कुणी म्हैस, हवालदार मांजर झाले. एकेक पाळी सरकत आबांपर्यंत आली आणि लता त्यांना ओलांडून पुढच्या मुलीकडे गेली. दुसरं काय करणार? त्या घरात सून सासऱ्यांशी बोलत नसे. लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना उद्देशून एक शब्द उच्चारला नव्हता. चहा झाला की ती दाराआडून बबडीला सांगे, "चहा ठिवलाय म्हणावं," आणि आबा भिंतीकडे बघत म्हणत, "आनू दे म्हणावं."

पण गोलातली पोरं आता वन्संच्या नियमात मुरलेली होती. हमालाची मुलगी म्हणाली, "ताई, यांची राहिली." मग बबडी पुढे आली. "आई, आबा राहिला." आणि मग सगळीच, "आबा राहिला, आबा राहिला."

मी वन्संकडे पाहिलं. वगळणं हा त्यांच्या लेखी सगळ्यात मोठा अपराध. एखादं पोर राहिलं तर त्या भर वर्गात ताईला थांबवत. त्या दिवशी त्या आपल्या गुडघ्यांवरच्या गोणपाटाची सुतळी घट्ट करत राहिल्या. लता तशीच बसून राहिली. आज ती निघाली की वस्तीवरची बालवाडी गेली, पुन्हा चिंध्या आणि बाजेचे पाय, हे तिला ठाऊक होतं. आणि सासऱ्यांना तोंडावर बोलली तर तिचं काय होईल, हे मला ठाऊक नव्हतं. मग ती गुडघ्यांवरून सरकत परत आली आणि आबांच्या समोर थांबली. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण मान वर झाली.

"आबा, तुमची पाळी," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण अख्ख्या वखारीत पोचला. "तुमी कोन हुनार?"

आबांनी भिंतीकडे पाहिलं. सवयच ती. पण त्या भिंतीवर नेमकं माझं चार रंगांचं वेळापत्रक होतं, आणि त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी छताकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं. "म्या मांजार झालतो," हवालदारांनी मदत केली. "सोपं हाय."

"मांजार न्हाई," आबा म्हणाले. "म्या मेंढका."

आणि त्यांनी मान मागे टाकून मेंढरांना घालतात ती हाळी घातली. मुलांनो, तो आवाज मला कागदावर उतरवता येणार नाही. जिभेच्या टोकावर गडगडत सुरू होऊन तो वर चढला, लांब गेला, आणि कुठल्या तरी माळावरून फिरून परत आल्यासारखा खाली उतरला. बाहेर पोती उचलणारे हमाल थांबले. कुणाची तरी शेळी यार्डात बांधलेली होती, तिने ताबडतोब उत्तर दिलं. मुलं क्षणभर दचकली आणि मग एका सुरात म्हणाली, "परत." आबांनी परत घातली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा बबडी चालत त्यांच्यापाशी गेली. ते गुडघ्यांवर, ती उभी, दोघांची तोंडं समोरासमोर. हा आवाज येतो कुठून, हे बघायला तिने त्यांच्या गळ्यावर हात ठेवला, आणि तो मिशीला लागतोय हेही तिच्या लक्षात आलं नाही.

खेळ संपला. "उचला आता कुनीतरी," आबा हळूच म्हणाले. हवालदार आणि दोन हमाल यांनी त्यांना उभं केलं. वन्संनी शेरा दिला, "आवाज चांगला आहे. पण एकदा सुरू झाले की पुढच्याची पाळी येऊ देत नाहीत. ते शिकावं लागेल."

आबांनी फेटा चाचपला. "त्येवढा आरसा वर टांगाय सांगा तिला," ते वन्संना म्हणाले.

"तुम्हीच सांगा. आता बोलणं झालंय की तुमचं."

आबा दारात घुटमळले. लताकडे नाही, पण तिच्या शेजारच्या माठाकडे बघत म्हणाले, "पोरी, दोन आरसे ठिवू. एक वर, एक खाली." मग पायरी उतरता उतरता मागे वळून त्यांनी अगदी गंभीरपणे वन्संना विचारलं, "पॅसेंजर गेली का?"

"आत्ताच गेली."

ते एकटेच एसटीने परत गेले. लताची बालवाडी त्यांच्या रिकाम्या मेंढवाड्यात सुरू झाली, आणि मी आणि वन्सं गेलो तेव्हा आबा दाराशी वाट पाहत होते; आपली मेंढक्याची पाळी रोज सगळ्यात शेवटी लागते, अशी त्यांची तक्रार होती.

पुढे वन्सं दौंडला परतल्या. ज्या गुडघ्यांवर त्यांनी सगळा तालुका शिकवला, तेच गुडघे संपले. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा त्या खिडकीशी उंच खुर्चीवर बसलेल्या होत्या आणि खुर्चीशेजारी एक लाकडी घडवंची ठेवलेली होती. शेजारची पोरं तीवर चढून उभी राहत, म्हणजे डोळे डोळ्यांपाशी येत. मी दारात उभी राहूनच विचारलं, "कशा आहात वन्सं?" त्यांनी ऐकलंच नाही. मला वाटलं, कान गेले असावेत. मग आठवलं. मी चौकट धरली, साठी ओलांडलेले माझे गुडघे टेकले आणि पुन्हा विचारलं. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. अर्थात मलाही उठता येईना. "बस," त्या म्हणाल्या, "पॅसेंजर जाऊ दे." बाहेर खरोखरच गाडी गेली, खऱ्या रुळांवरून, आणि वन्संनी तिच्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी त्या गेल्या. माझ्या कुकरची ती दुसरी रिंग अजून लताच्या बालवाडीतल्या एखाद्या खुंटीवर असेल.

तुमची आई फोनवर सांगत होती, तुम्ही दोघंही आता तिच्या खांद्याला लागता. मी काही उंच होणार नाही, उलट दर वर्षी थोडी खाली येते आहे. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा दारातूनच वरून काही बोललात, तर मला ऐकू येणार नाही. आधी खाली बसायचं. मग विचारायचं, आजी, आता तुझी पाळी, तू कोण होणार? मी विचार करून ठेवते.